पायपर कबचे नवे आवरण : सुती कापड की पॉलिएस्टर?

१९३७ ते १९४७ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या पायपर जे-३ कब विमानाचे आवरण बदलण्याची वेळ आली, की मालकासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात : मूळच्यासारखे ग्रेड ए (विमानांसाठीच्या ठरावीक प्रतीचे) सुती कापड आणि त्यावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारे रोगण, किंवा उष्णतेने आकसणारे पॉलिएस्टर. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानावरील सुती कापडाविषयी काही वर्षांतच शंका येऊ लागते आणि हँगरमध्ये ते बरेच अधिक टिकते. नीट लावलेले पॉलिएस्टर मात्र वीस वर्षे सहज काढते.

नव्या ग्रेड ए कापडाची ताकद इंचाला ८० पौंड असते, म्हणजे त्याची एक इंच रुंद पट्टी एवढी ओढ सोसते. कबच्या पंखावरील भार (विमानाचे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ) चौरस फुटाला ९ पौंडांहून कमी आणि कमाल वेगही माफक असल्यामुळे त्याची मूळ गरज ६५ पौंडांच्या कापडाची आहे, आणि ताकद ४६ पौंडांखाली घसरली की ते कापड बाद ठरते. पॉलिएस्टरलाही हीच मर्यादा लागू होते, परंतु ते शंभराहून अधिक पौंडांपासून सुरुवात करत असल्याने त्याच्या हाताशी शिल्लक मोठी असते.

ही शिल्लक किती दिवस पुरेल, हे मात्र धाग्यापेक्षा त्यावरील थरांवर ठरते. अतिनील किरणे दोन्ही कापडांचे शत्रू आहेत आणि उघड्या पॉलिएस्टरलाही ऊन झपाट्याने खाते. म्हणूनच रंगाखाली ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर देतात. पंखाच्या आत दिवा लावून पाहावा : प्रकाश बाहेर झिरपत असेल, तर थर अपुरा आहे. ताकदीची चाचणीही वरच्या बाजूला, गडद रंगाच्या भागावर घ्यावी, कारण कापड सर्वांत आधी तेथेच खचते.

सुती कापड ताणले जाते ते डोपमुळे, आणि डोप वर्षानुवर्षे आकसतच राहतो, कडक होतो, तडकतो. तो मऊ करणारे द्रावण मिळते, पण त्याने डोपचे आयुष्य वाढते, खाली कुजलेल्या धाग्याचे नव्हे. पॉलिएस्टर इस्त्रीने, सुमारे १७७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ताणतात. त्यावरही ताण देणारा डोप चढवला, तर कापड शाबूत असताना वरचा थर वर्तुळाकार तडकतो. म्हणून मी व्हिनाइलवर आधारित लवचीक थरांची पद्धत निवडेन. मात्र एका पद्धतीच्या मंजुरीत दुसऱ्या पद्धतीचे साहित्य मिसळता येत नाही, आणि सुतीवरून पॉलिएस्टरवर जाण्यासाठी त्या विमानाला लागू असणारे पूरक प्रमाणपत्र, म्हणजे मूळ रचनेतील बदलाची अधिकृत मंजुरी, लागते.

खर्चाचा मोठा वाटा दोन्हीकडे मजुरीचाच असतो, त्यामुळे स्वस्त कापड घेऊन फारसे काही वाचत नाही. दमट हवेत सुतीला बुरशीचाही धोका असतो. भारतातील फ्लाइंग क्लबांत उडालेल्या, तशाच कापडी आवरणाच्या पुष्पक विमानांच्या देखभालीत पावसाळा विसरून चालत नसे.

पॉलिएस्टरविरुद्धचा माझा एकच गंभीर आक्षेप त्याच्या दीर्घायुष्यावर आहे. सुती कापड लवकर बाद होत असल्यामुळे सांगाड्याच्या पोलादी नळ्यांवरील गंज, लाकडी स्पारमधील (पंखाच्या मुख्य आडव्या तुळईतील) चिरा आणि रिबांवरील (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांवरील) दोऱ्यांचे टाके ठरावीक काळाने उजेडात येत. तीस वर्षे आवरण उघडलेच नाही, तर ते सारे झाकलेले राहते. हँगरमध्ये राहणारे, क्वचित उडणारे आणि मूळ रूपात जपायचे विमान असेल, तरच सुती घ्यावे. नियमित उडणाऱ्या कबसाठी पॉलिएस्टर घ्यावे, पण तपासणीची झाकणे पुरेशी ठेवून घ्यावीत आणि शेपटीजवळच्या खालच्या नळ्या दरवर्षी पाहाव्यात, कारण आत शिरलेले पाणी तेथेच साचते.