डब्यावर ५२५ पट, कामाची ३५ पट: दोन वर्षं वापरलेली दुर्बीण

कंपनीचं नाव लिहीत नाही. हीच नळी वेगवेगळे स्टिकर लावून बऱ्याच नावांनी मिळते. भिंगाचा व्यास ७० मिमी, नाभीय अंतर (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, सोबत २० आणि ४ मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, तिप्पट करणारं एक बार्लो भिंग आणि अॅल्युमिनियमचा तिपाई स्टँड. २०२३ च्या दिवाळीत हलक्या धानाचे पैसे हातात आले तेव्हा साडेसहा हजारांत ऑनलाइन मागवली. आमच्या गावात कुरिअर येत नाही, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीहून, आमच्या तालुक्याच्या गावाहून, गाडीवर बांधून आणली. खोकं पाहून बायकोनं विचारलं, "फवारणीचा पंप आणला का?"

पंपच आणायचा होता खरं तर. पण २ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याची सांज डोक्यातून जात नव्हती. जेवणं व्हायची होती, आम्ही अंगणात होतो, आणि आभाळातून जळते तुकडे एका ओळीत सरकत गेले. विमान पडलं म्हणून पोट्टे ओरडत सुटले. त्याच रात्री आमच्याच तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, मग आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. चिनी रॉकेटचे तुकडे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. नशीब, कोणाला लागलं नाही. पोरगा तेव्हा पाचवीत. "बाबा, वरतं आणखी किती असतीन?" त्याला काय सांगणार? पुढं २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं आणि पोरानं चंद्रावर उतरलेलं त्याचं यान, विक्रम, पाहायचा हट्टच धरला.

तर पहिली गोष्ट: विक्रम दिसत नाही. या भिंगातून चंद्रावरचं तीनेक किलोमीटरपेक्षा लहान काही ओळखू येत नाही, आणि विक्रम उणापुरा दोन मीटरचा. आपलं लोणारचं विवर, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, उचलून चंद्रावर ठेवलं तर तेही या दुर्बिणीला दिसायचं नाही. पोरगा नाराज झाला. मग अष्टमीच्या आसपास त्याला उजेड-अंधाराच्या कडेवर नळी लावून दिली. कोपर्निकस नावाचं विवर ९३ किलोमीटर रुंद आहे, त्याच्या काठाची सावली आत पडलेली दिसते. पोरगा अर्धा तास बोलला नाही.

डब्यावर मोठ्या अक्षरात ५२५ पट लिहिलं आहे. हिशेब खोटा नाही: नाभीय अंतर ७०० भागिले आयपीसचे ४ म्हणजे १७५, गुणिले बार्लोचे ३. पण एका मोटरच्या पाण्यावर दहा बांध्या भिजवायला काढल्या तर एकही धड भिजत नाही, तसं आहे हे. भिंगात येणारा उजेड तेवढाच, तो पसरवाल तितका पातळ. ७० मिमीच्या भिंगाला फार तर १४० पट झेपते. बार्लो लावलं तर गढूळ पाण्यात पाहिल्यासारखं दिसतं. २० मिमीचा आयपीस, म्हणजे ३५ पट, हाच खरा कामाचा. नंतर नागपूरहून १० मिमीचा वेगळा आणला. तो डब्यातच द्यायला पाहिजे होता.

स्टँडबद्दल बोलू नये तेवढं बरं. नळीला नुसतं बोट लागलं तरी गुरू डोळ्यासमोर लेझीम खेळतो. युरियाच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून मधल्या दांड्याला लटकवली, तेव्हा कुठं थांबला. नेम धरायची वरची छोटी फाइंडर दुर्बीण दिवसाच मोबाइल टॉवरच्या टोकावर जुळवून घ्यायची, रात्री ते होत नाही. डब्यात सूर्य पाहायची म्हणून एक काळी काच निघाली, आयपीसला लावायची. ती उन्हाच्या तापानं तडकली तर डोळा जातो. मी ती दगडानं फोडून टाकली, तुम्हीही फोडा.

खरा अंधार वावरात असतो, पण रात्री वावरात वाघ फिरते, म्हणून आमची वेधशाळा स्लॅबवर. लाइन गेली की सारं गाव चुकचुकते आणि आम्ही दोघं जिन्यानं वर पळतो. गुरूचे चार चंद्र रोज जागा बदलतात. गॅलिलिओनं १६१० मध्ये वहीत टिपले तसे पोरानंही रफ वहीत ठिपके काढून ठेवले. आतला आयो दोन दिवसांच्या आत एक फेरी मारतो, हे त्यानं पुस्तक न उघडता ठिपक्यांवरून काढलं.

पण माझं मन बसलं ते मृगावर. बापजाद्यांपासून मृग लागला की धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपं टाकायची घाई. मृगाचे तारे आभाळात कुठं आहेत, हे मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. जूनमध्ये सूर्य त्या ताऱ्यांच्या भागात असतो, म्हणून ते दिसतच नाहीत! ज्या नक्षत्राच्या भरवशावर पेरतो ते दिसतं धान घरात आल्यावर, थंडीत. मधल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली ३५ पटीत धुपाच्या धुरासारखा एक ठिपका आहे, तिथं तारे जन्मतात म्हणे. तो उजेड निघाला त्याला सुमारे १३०० वर्षं झाली. रंग मात्र नाही, नुसता राखाडी. डब्यावरचा गुलाबी-निळा फोटो विसरा.

शनी पाहायला माय तयार नव्हती. "साडेसातीले बलावणं काहून देता?" शेवटी एकदा डोळा लावला. बराच वेळ हलली नाही. "एवढासा तं हाय. याचंच भेव घेतलं का जिनगानीभर?" २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच शनीचं कडं गायब, नुसती सुई टोचल्यासारखी रेघ. मला वाटलं, भिंगाला बुरशी आली. विकणाऱ्याला फोन लावला, त्यालाही काही सांगता आलं नाही. मग पोरानं शोधून काढलं: साधारण पंधरा वर्षांनी कडी आपल्याला धारेवरून दिसतात आणि ती इतकी पातळ आहेत की हरवतात. १६१२ मध्ये गॅलिलिओही असाच चक्रावला होता. मायला सांगितलं तर म्हणे, "मंग लाडबोरीले पडलं ते याचंच व्हय का?"

साडेसहा हजारांतले पाच भिंगाचे वसूल, दीड स्टँडमध्ये बुडाले. घ्यायची असेल तर १० मिमीचा आयपीस धरूनच हिशेब करा आणि थंडीत घ्या. पावसाळ्यात घेतली तर चार महिने खोक्यातच राहते.