पप्पांच्या वह्या आता वचनाशेजारी उघडतात: नऊ महिन्यांचा अनुभव

माझे पप्पा १९७९ ते २०१५ अशी ३६ वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. नगर जिल्ह्यातल्या चार मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांनी सेवा केली. रविवारचं प्रवचन शनिवारी रात्री वहीत पूर्ण लिहून झाल्याशिवाय ते झोपत नसत. ते प्रभूत झोपी गेल्यावर, म्हणजे वारल्यावर, कपाट आवरताना अशा २३ वह्या निघाल्या. निळ्या शाईतलं बारीक अक्षर आणि शास्त्रभागाखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ.

आधी आम्ही सगळे करतात तेच केलं. भावाने पानांचे फोटो काढून पीडीएफ केली आणि नातेवाइकांना पाठवली. सगळ्यांनी हात जोडले, आणि नंतर ती फाइल कोणी उघडली नाही. उघडणार तरी कशी? सकाळी बायबलमधला लूक १५ वाचायला बसलेल्या माणसाला, पप्पांनी त्या अध्यायावर कधी बोललं होतं आणि ते कोणत्या वहीत आहे, हे कुठून कळणार? लूक १५ उघडला की पप्पांचं टिपण आपणहून शेजारी यायला हवं होतं. त्यासाठी मी लोगोस या बायबल अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमधली वैयक्तिक पुस्तकांची सोय वापरायला घेतली. नऊ महिने झाले. सात वह्या, २१४ प्रवचनं झाली आहेत.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. मजकूर वर्डमध्ये टाइप करायचा, फाइल डॉकएक्स स्वरूपात ठेवायची. शीर्षकांना वर्डची शीर्षकशैली दिली की त्यांची अनुक्रमणिका तयार होते. मग लोगोसच्या टूल्समध्ये पर्सनल बुक्स उघडून पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा आणि प्रकार भरायचा, फाइल जोडायची आणि बिल्डचं बटण दाबायचं. पुस्तक तुमच्या ग्रंथालयात येऊन बसतं. तळटीपा, तक्ते आणि चित्रंही चालतात. पहिल्या दिवशी ‘लेखक’ या रकान्यात पप्पांचं नाव टाइप केलं आणि मी जरा वेळ तशीच बसून राहिले.

मात्र पहिला महिना माझा फुकट गेला, आणि चूक माझीच होती. मी प्रत्येक संदर्भाला दुवा लावत होते. ‘योहान ३:१६’ वर टिचकी मारली की वचन उघडतं, एवढ्यावर मी खूश होते. पण योहानाचा तिसरा अध्याय उघडल्यावर पप्पांचं पुस्तक काही शेजारी येईना. कारण दुवा वेगळा आणि स्थानखूण वेगळी. दुवा पुस्तकातून बायबलकडे जातो. स्थानखूण सॉफ्टवेअरला सांगते की इथून पुढचा मजकूर अमुक वचनाविषयी आहे. ती देण्यासाठी दोन-दोन चौकटी कंसांत आधी अ‍ॅटचं चिन्ह, मग इंग्रजीत बायबल हा शब्द, अपूर्णविराम आणि पुढे पुस्तकाचं इंग्रजी लघुनाव व अध्याय-वचन लिहावं लागतं. सोबत पुस्तकाचा प्रकार ‘भाष्य’ निवडायचा. मी तो आधी साधं पुस्तक असाच ठेवला होता. हे दोन बदल केले आणि बायबलच्या खिडकीला पुस्तक जोडलं, तेव्हा वचन पुढे सरकेल तशी पप्पांची पानंही सरकू लागली. आईला बोलावून दाखवलं. ती चष्मा पुसून म्हणाली, “अगं, हे तर त्यांचं बोलणंच आहे.”

मराठी संदर्भ आपोआप ओळखले जातील या भरवशावर मी राहिले नाही. सगळे दुवे हाताने लावले. त्यात मराठी टायपिंगच्या ज्या भानगडी निघाल्या त्यांवर खरं तर वेगळं लिहायला हवं.

पहिल्या दोन वह्या मी शहरातल्या एका टायपिंगच्या दुकानात दिल्या होत्या. फाइल परत आली ती युनिकोडपूर्व टंकात. दुकानातल्या संगणकावर सुंदर मराठी, माझ्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती रूपांतरित करून घेतली, तरी ऱ्हस्व वेलांट्या जागोजागी एका अक्षराने सरकलेल्या होत्या. तिसऱ्या वहीपासून मी स्वतः टाइप करते. कधी फोनला वाचून दाखवते आणि मग दुरुस्त करते.

त्याहून चिवट निघाला तो विसर्ग. दुकानात ‘३:१६’ मधल्या दोन टिंबांसाठी विसर्ग वापरला होता. डोळ्यांना फरक अजिबात दिसत नाही. पण संगणकाच्या लेखी अपूर्णविराम हे विरामचिन्ह आहे आणि विसर्ग हे अक्षराला जोडलेलं चिन्ह. मी संदर्भ शोधायचे आणि उत्तर शून्य यायचं. वर्डमध्ये शोधा-बदला करून सगळे विसर्ग एका फटक्यात काढावेत म्हटलं, तर ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’ मोडले असते. पप्पांच्या प्रवचनांत अंतःकरण पानोपानी आहे. म्हणून एकेका अंकामागचा विसर्ग शोधून बदलला. तसाच प्रकार ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ या शब्दांतल्या अर्ध्या रचा. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो जवळपास सारखाच, पण शोधात एक सापडतो तेव्हा दुसरा निसटतो. मराठीत पुस्तक करणार असाल तर पहिल्या पानापासून एकच पद्धत धरा. २१४ प्रवचनं झाल्यावर हे निस्तरणं फार जड जातं.

आता बायबलमधल्या योएलाच्या पुस्तकाची गोष्ट. पप्पा सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण विद्यालयात, इब्री (हिब्रू) शिकले होते आणि त्यांना त्या भाषेची मनापासून ओढ होती. पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, एका प्रवचनात प्रेषितांची कृत्ये २ मधलं पेत्राचं भाषण आहे, ज्यात तो योएलाची वचनं सांगतो, आणि समासात ‘योएल ३:१-५’ असं लिहिलेलं आहे. मी तसाच दुवा लावला आणि फाइल वाटली. पंधरा दिवसांनी पप्पांच्या जुन्या सोबत्यांचा, आता सेवानिवृत्त असलेल्या पाळकसाहेबांचा फोन आला. “सलाम बेटा. पन्नासाव्या दिवसाच्या संदेशात यहोशाफाटाचं खोरं कुठून आलं?” मी उघडून पाहिलं तर खरंच, आत्म्याच्या वर्षावाच्या जागी राष्ट्रांचा न्याय! आपल्या बायबलात योएलाचे तीन अध्याय आहेत, इब्रीत चार. आपलं २:२८-३२ म्हणजे इब्रीतलं ३:१-५. पप्पांनी इब्री क्रमांक लिहिला होता, आणि वर बारीक ‘इ’ काढला होता. तो मला शाईचा ठिपका वाटला.

त्यानंतर मी सातही वह्यांतले स्तोत्रांचे संदर्भ पुन्हा तपासले. स्तोत्रांचा मथळा इब्रीत पुष्कळदा वचन म्हणून मोजतात. म्हणून ५१ व्या स्तोत्रात आपल्याकडे १९ वचनं, तर तिथे २१. अशा आठ जागा सापडल्या. चुकलेला दुवा लाल होत नाही, थांबत नाही. तो मुकाट्याने भलतं वचन उघडतो. पुस्तक बांधताना येणारी नोंद खुणेच्या लिखाणातली चूक दाखवते, अर्थातली दाखवू शकत नाही. ती दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनाच दिसते. त्यामुळे प्रत्येक वही आता वाटण्याआधी पाळकसाहेबांकडे जाते.

प्रवचनांचा क्रम कसा ठेवावा यावर भावाचं आणि माझं बरंच बोलणं झालं. भाष्य म्हणून बायबलच्या क्रमाने लावणं सोयीचं. पण मग काळ हरवतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला, गुरुवारी पहाटे झाला. त्यानंतरच्या रविवारी, ३ ऑक्टोबरला, पप्पांनी ४६ वं स्तोत्र घेतलं. त्या पानावर खाडाखोड इतकी आहे की एक परिच्छेद त्यांनी तीनदा लिहिलाय. पृथ्वी ढळली तरी आम्ही भिणार नाही हे कोणत्या आठवड्यात कोणासमोर वाचलं, ते कळल्याशिवाय ते पान अर्धंच कळतं. शेवटी भाष्य बायबलच्या क्रमाने ठेवलं, प्रत्येक शीर्षकात तारीख आणि गाव घातलं, आणि दुसरं छोटं पुस्तक तारीखवार यादीचं केलं. त्यातून दुव्याने वचनावर जाता येतं. हा खटाटोप सार्थकी लागला असं मला अगदी मनापासून वाटतं.

वाटण्याआधी दोन गोष्टींचा विचार करावा लागला. पहिली म्हणजे हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि तो वारसांकडे जातो. म्हणजे पप्पांच्या लिखाणावर माझ्या एकटीची मालकी नाही. आई आणि दोन्ही भावंडांची लेखी संमती घेतली. पप्पांना नारायण वामन टिळकांच्या ओळी उद्धृत करायला फार आवडायचं. टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्या ठेवायला अडचण नव्हती. अलीकडच्या कवींच्या आख्ख्या कविता मात्र काढल्या. बायबलचा मजकूर तर मी स्वतः कुठेच चिकटवला नाही, फक्त दुवा दिला. ज्याच्याकडे जे भाषांतर असेल त्यात वचन उघडतं. आजच्या भाषांतरांच्या हक्काचा प्रश्न राहत नाही आणि फाइलही हलकी राहते. १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं पंडिता रमाबाईंचं भाषांतर पप्पांनी काही ठिकाणी तुलनेसाठी उतरवलंय. रमाबाई १९२२ साली गेल्या, तेव्हा त्या ओळी तेवढ्या राहू दिल्या.

दुसरी गोष्ट हक्कापेक्षा नाजूक. वह्यांच्या समासांत माणसं आहेत. कोणाचं आजारपण, कोणाची दारू, कोणत्या घरातला वाटणीचा वाद, आणि शेजारी ‘प्रार्थना’ असं लिहिलेलं. पप्पांनी हे प्रभूसमोर ठेवण्यासाठी लिहिलं होतं, आमच्यासाठी नाही. सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या मजकुरात नाव टाइप केलं की क्षणात सापडतं. त्या माणसांची नातवंडं आज त्याच मंडळ्यांत आहेत. मी अशी प्रत्येक नोंद गाळली, आणि जिथे प्रवचनातच उदाहरण म्हणून कोणी आलंय तिथे नाव-गाव काढलं. तुम्ही तुमच्या घरातल्या वह्यांचं पुस्तक करत असाल तर यात घाई करू नका.

वाटण्याची पद्धत मी साधी ठेवली आहे. लोगोसवाल्यांना मूळ डॉकएक्स फाइल पाठवते, ज्याने त्याने आपल्या संगणकावर पुस्तक बांधून घ्यायचं. दुरुस्ती झाली की नवी फाइल आणि पुन्हा बांधणी. नावात आवृत्तीचा आकडा असतो, सध्या ०६ चालू आहे. आपापल्या प्रतीत कोणी दुरुस्ती करायची नाही, मला कळवायचं, हा नियम दुसऱ्याच महिन्यात करावा लागला. नाहीतर तीन घरांत तीन पप्पा झाले असते.

पण आमच्या खेड्यापाड्यांतल्या सुवार्तिकांकडे, म्हणजे धर्मप्रचारकांकडे, लॅपटॉप कुठून असणार? त्यांच्याकडे अँड्रॉइड फोन असतो. त्यांच्यासाठी भाच्याने मायस्वोर्ड या फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपसाठी त्याच मजकुराची फाइल केली. तिथे पुस्तक म्हणजे एसक्यूलाइटची एक लहानशी डेटाबेस फाइल असते. भाष्याच्या तक्त्यात पुस्तक, अध्याय, कोणत्या वचनापासून कोणत्या वचनापर्यंत, आणि मजकूर असे रकाने. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे बायबलची पुस्तकं आकड्यांनी ओळखली जातात. उत्पत्ती १, योहान ४३, प्रकटीकरण ६६. लघुनावं पाठ करायची गरज नाही. तयार फाइल अ‍ॅपच्या भाष्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं. आयफोनवर हे अ‍ॅप नाही, म्हणून माझ्याच धाकट्या भावाला अजून पीडीएफवर समाधान मानावं लागतं. त्याच्यासाठी काहीतरी करायचंय.

वेळेचा हिशोब सांगते, म्हणजे कोणी उगाच उत्साहात उडी घेणार नाही. एक प्रवचन टाइप करायला मला साधारण दीड तास लागतो, खुणा आणि दुवे लावायला वीस-पंचवीस मिनिटं. नोकरी सांभाळून आठवड्याला पाच-सहा होतात. फक्त वाचून ठेवायचा मजकूर असेल तर एवढं करू नका, पीडीएफ पुरे. पण लिखाण वचनाला धरून असेल, आणि ते वचन वाचणारी माणसं तुमच्याभोवती असतील, तर याला मी दुसरा पर्याय पाहिलेला नाही.

नेवासा तालुक्यातल्या एका तरुण सुवार्तिकाने मागच्या महिन्यात मला आवाजी संदेश पाठवला. स्त्रियांच्या सभेत त्याला हरवलेल्या नाण्याचा दाखला घ्यायचा होता. लूक १५:८ उघडलं तर खाली पप्पांचं टिपण आलं, १९८६ सालचं. त्यात पप्पांनी लिहिलंय की ही बाई दिवसाढवळ्या दिवा का लावते ते तुमच्या घरात बघा. खिडकी नाही, जमीन शेणाने सारवलेली, भिंतीकडेला पोपडा उचलून भेग पडलेली. नाणं कुठे पडलं हे तिला माहीत नाही, पण घराबाहेर गेलं नाही हे पक्कं माहीत आहे. म्हणून ती अंगणात हाका मारत नाही, खाली बसून झाडू फिरवते. संदेशाच्या शेवटी तो म्हणाला, “ताई, सभेतल्या एका आजींनी हे आधी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, हे आमच्या पाळकसाहेबांचं.”

आठवी वही कालपासून घेतली आहे. इब्री लोकांस पत्रावरची सलग अकरा प्रवचनं आहेत, आणि समासात बारीक ‘इ’ बरेच दिसतायत. या वेळी भिंग घेऊन बसले आहे.