दहा बाय पन्नास: दिवाळी ते गणपती, एका द्विनेत्रीचा अनुभव

२०२४ च्या दिवाळीच्या बोनसमधून मी १०x५० ची द्विनेत्री घेतली. दुकानात आणि घरात सगळे तिला बायनॉक्युलरच म्हणतात. निमित्त धूमकेतूचं झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, तेव्हा ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने डोंबिवलीच्या खाडीकिनारी उभं राहून स्वतःची बायनॉक्युलर माझ्या हातात दिली. नुसत्या डोळ्यांनी मला तिथे काहीच दिसत नव्हतं. भिंगातून मात्र ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर राहतो तसा एक पांढरट फराटा दिसला. जेमतेम तीन मिनिटं, मग ढग आले. त्याच रात्री मी टेलिस्कोपच्या किमती बघत बसले, आणि त्यानेच अडवलं. म्हणाला, "मॅडम, आधी आकाश पाठ होऊ दे. टेलिस्कोप कुठे पळून जात नाही."

साडेसात हजार पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या चार-पाच मी हाताळून पाहिल्या आणि मला त्यांत फार फरक जाणवला नाही. आकडे समजून घ्या, ते जास्त कामाचं. १० म्हणजे वस्तू दहापट मोठी दिसते, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. पन्नासला दहाने भागलं की पाच. डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका पाच मिलिमीटर जाड. विशीत अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या सत्तेचाळिशीत तेवढी उघडत नाही. म्हणजे ७x५० घेतली असती तर सात मिलिमीटरच्या शलाकेतला बराच उजेड बाहेरच सांडला असता. २०x८० हातात धरून बघणं तर सोडूनच द्या.

पहिली रात्र साफ फसली. इमारतीच्या गच्चीवर उभी राहून गुरूकडे रोखली, तर कोणीतरी पेटलेली उदबत्ती हवेत फिरवावी तशी उजेडाची वेडीवाकडी रेघ. माझ्या हाताला कंप आहे हे मला त्या दिवशी कळलं. दहापट मोठं दिसतं तसा कंपही दहापट दिसतो, हे कोणी सांगत नाही. मान पाच मिनिटांत भरून आली. वजन साधारण ८५० ग्रॅम, भाजीच्या पिशवीत ते काहीच नाही, पण डोक्याच्या वर धरून बघा.

महिनाभर त्यावरच उपाय शोधत होते. हातवाली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला रेलून ठेवायची, कोपरं तिच्या हातांवर टेकवायची. उंचावरच्या ताऱ्यांसाठी चटई टाकून सरळ आडवं व्हायचं, डोक्याखाली उशी. आणि सगळ्यात भारी ठरला तो फरशी पुसायचा मॉप: उलटा धरायचा, दांडीचं टोक दोन मांड्यांमध्ये जमिनीवर टेकवायचं आणि बायनॉक्युलर वरच्या आडव्या पट्टीवर ठेवायची. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी नवा मॉप आणला. पुढे मी ट्रायपॉड आणि त्यावर बसवायची एल आकाराची पट्टी घेतली, बाराशे रुपये. ज्यांना जमेल त्यांनी ही पट्टी पहिल्याच दिवशी घ्यावी.

चष्मेवाल्यांसाठी एक गोष्ट. नुसता लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकसच्या चाकाने तो भरून निघतो. सिलिंडर नंबर असेल तर नाही. माझा उजव्या डोळ्याला आहे, चष्म्याशिवाय प्रत्येक तारा मला तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसतो. म्हणून रबरी कप दुमडून चष्म्यावरूनच बघते. फोकस करताना आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावीकडचं जुळवायचं, मग डावा मिटून उजव्या नळीची स्वतंत्र कडी फिरवायची. मला ती कडी आहे हेच तीन आठवडे माहीत नव्हतं.

शहरात सगळ्यात जास्त वसूल होतो तो चंद्र. पौर्णिमेचा नाही हं! पौर्णिमेला तो सपाट दिसतो आणि डोळे दिपतात. शुक्ल पंचमी-षष्ठीला बघा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. थिओफिलस आणि त्याला लागून दोन, अशी तीन मोठी विवरं एका ओळीत, आप्पेपात्रातल्या खळग्यांसारखी. थिओफिलस सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे डोंबिवलीपासून लोणावळ्याच्याही पुढे. अंधारा भागही पूर्ण काळा नसतो, पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात राखाडी उजळलेला असतो.

गुरू त्या हिवाळ्यात वृषभेत, रोहिणीच्या जवळपास होता. ट्रायपॉड आल्यावर त्याचे चंद्र दिसले. गॅलिलिओला जानेवारी १६१० मध्ये दिसले तेच चार, एका रेषेत. मी वहीत रोज ठिपके काढले. एका रात्री एकीकडे तीन आणि दुसरीकडे एक, दुसऱ्या रात्री दोन-दोन. कधी तीनच, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला, नाहीतर इतका चिकटलेला की दहापटीत सुटत नाही. शनीची कडी मात्र १०x५० मध्ये दिसत नाही, त्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा.

डोंबिवलीत तेजोमेघ (अवकाशातले वायू आणि धुळीचे ढग) वगैरे जवळजवळ विसरायचं. ते बघितले माहेरी, माण तालुक्यात. पर्जन्यछायेचा दुष्काळी भाग, हवा कोरडी, वस्ती विरळ. ३० डिसेंबरला सोमवती अमावस्या होती. रात्री नऊला अंगणातला दिवा बंद करायला लावला, मोबाइलवर लाल जिलेटीनचा कागद लावला आणि अर्धा तास अंधारात नुसते बसलो. एवढा वेळ डोळ्यांना लागतोच. अण्णा (वडील, वय ७६) घोंगडी घेऊन शेजारी. मृग नक्षत्र वर आलेलं. मधले तीन तारे बोटाने दाखवत म्हणाले, "आगं, ही तिकांडं. व्याधानं मारलेला बाण." माझ्या द्विनेत्रीचा पल्ला साडेसहा अंशांचा, म्हणजे तेरा पौर्णिमेचे चंद्र ओळीत मावतील एवढा. अख्खा बाण आत आला आणि भोवती कितीतरी बारीक तारे, जे नुसत्या डोळ्यांना नव्हतेच. बाणाच्या खाली मृगातला तेजोमेघ. साधारण १,३०० प्रकाशवर्षं दूर. फोटोत गुलाबी-जांभळा असतो, इथे राखाडी. आरशावर श्वास सोडल्यावर धरते तशी वाफ. रंग दिसणार म्हणून घेणाऱ्यांचा इथे हिरमोड होईल, माझाही पाच मिनिटं झाला. मग नजर जरा बाजूला ठेवून बघायला शिकले. थेट बघितलं की पुसट होतो, कडेने बघितलं की पंखासारखा पसरतो.

त्याच रात्री कृत्तिका. डोंबिवलीत डोळ्यांना चार मोजता येतात, इथे सहा, आणि भिंगातून मी तीस-पस्तीसवर मोजणं सोडलं. टेलिस्कोपमध्ये म्हणे एवढा मोठा पुंजका एका नजरेत मावतच नाही. देवयानी दीर्घिकाही (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) सापडली, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खुणेने. लंबगोल धुरकट डाग, बघायला काही नाही, पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे हे अण्णांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मग आता तिथं काय हाय?"

फेब्रुवारीत घात झाला. भाच्याने पट्टा गळ्यात न घालता गच्चीच्या कठड्यावर ठेवली, ती आतल्या बाजूला पडली. भिंगं शाबूत. दिवसा बघितलं तर सगळं ठीक. रात्री मात्र एक तारा दोन दिसायला लागला आणि दहा मिनिटांत डोकं दुखायचं. आतला लोलक (प्रिझम) हलला की दोन नळ्या एका दिशेला बघत नाहीत. दिवसा आपले डोळे ते ओढून-ताणून जुळवून घेतात, म्हणून कळत नाही. नवी घेतानाही रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर तपासा. मुंबईतल्या एका जुन्या कॅमेरा-दुरुस्तीवाल्याने रबर सोलून आतला इवलासा स्क्रू मिलिमीटरच्या अंशाने फिरवला, समोरच्या इमारतीच्या अँटेनाकडे बघत, तीनदा. सातशे रुपये घेतले. वीस मिनिटांचं काम, पण मला हजार वर्षांत जमलं नसतं.

दुरुस्त होऊन आली ती शुक्रासाठी वेळेवर. १ मार्च २०२५ च्या संध्याकाळी पश्चिमेला द्वितीयेची चंद्रकोर आणि शेजारी शुक्राची चांदणी. सूर्य पूर्ण मावळल्यावरच बायनॉक्युलर उचलायची, चुकून सूर्य आत आला तर डोळा कायमचा जाईल. उजेड असतानाच बघितलं, कारण अंधार पडला की शुक्र नुसता भगभगतो. चांदणी गोल नव्हती. तिचीही कोर होती, नखाच्या कातरणाएवढी. आधी चंद्र, मग शुक्र, परत चंद्र. सोसायटीतल्या अकरा जणांनी रांग लावून बघितलं, त्यातल्या दोघांनी नंतर किंमत विचारली.

मेच्या सुट्टीत पुन्हा गावी. सप्तर्षी म्हणजे अण्णांचं खाटलं आणि तीन चोर. मधल्या चोराशेजारी अरुंधती. अण्णा म्हणाले, "लग्नात भटजीनं दाखवली तवा मला दिसलीच न्हाई. नुसती मान हलवली." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मला पण न्हाई!" पंचावन्न वर्षांनी दोघांनी पाळीपाळीने वसिष्ठ आणि अरुंधती पाहिले. त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर ओमेगा सेंटॉरी शोधला. आपण दक्षिणेला राहतो याचा हा फायदा, युरोपात बहुतेकांना तो क्षितिजावर येतच नाही. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा, माझ्या भिंगात कापसाचा बोळा. आणि ४ मेच्या आसपास मंगळ पुष्यातल्या तारकागुच्छाच्या कडेने गेला. चंद्राचा उजेड होता, तरी साखर सांडावी तसे तारे आणि त्यांत एक तांबडा खडा.

मग पावसाने चार महिने खाल्ले, २०२५ मध्ये तर मुंबईत मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. आपल्याकडे भिंगांना बुरशी धरते. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. मी लाडवांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाकायचे. सप्टेंबरमध्ये काढली तेव्हा काच स्वच्छ होती.

काढली ती ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणासाठी. रात्री ११ ते १२:२२, ८२ मिनिटांची खग्रास अवस्था, आणि त्यातली ढगांच्या फटींतून मला मिळाली असतील आठ-नऊ. तांब्याच्या रंगाचा चंद्र भिंगातून चकती वाटत नाही, चेंडू वाटतो, अधांतरी. सासूबाई ग्रहण बघत नाहीत. जिन्यापर्यंत आल्या, "दिसतंय का" एवढं विचारून परत गेल्या.

अण्णांचा आता दर रविवारी फोन येतो, दुर्बीण कधी आणतेस. दिवाळीला ती गावीच राहणार असं दिसतंय. मी स्वतःसाठी ८x४२ बघतेय, वजनाला हलकी आणि हातात कमी हलते.