फुलांच्या सुगंधी तेलांचा पाच बाटल्यांचा संच: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

लॅव्हेंडर, जिरेनियम, इलांग-इलांग, मोगरा आणि गुलाब असा हा संच गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवला. घरच्यांसाठी रोल-ऑन, मलम आणि अंगाला लावायचं तेल मी स्वतः बनवते. आता मे संपत आलाय, म्हणजे इंदूरचे तिन्ही ऋतू या बाटल्यांनी काढले. मत द्यायला एवढा वेळ लागतोच. बूच उघडल्या उघडल्या सगळीच तेलं छान वाटतात, खरी परीक्षा पुढे असते.

वास मी ब्लॉटरवर तपासते. कागदाच्या पट्टीवर एक थेंब, शेजारी नाव आणि वेळ, मग तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगायचं. लॅव्हेंडर सकाळपर्यंत जवळजवळ उडालं, तेलकट डागही राहिला नाही. मोगऱ्याच्या पट्टीवर मात्र पारदर्शक चकती तशीच. मोगऱ्याचा खरा सुगंध वाफेने हाती लागत नाही, तो द्रावकाने काढतात. अशा अर्काला अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात. त्याचा थोडा डाग पडतोच, पण ते दाट आणि गडद असतं. हे तर पातळ, फिकट. लेबलवर खाली बारीक अक्षरात सापडलं: जोजोबात, म्हणजे पातळ करायच्या साध्या तेलात, दहा टक्के. पातळ करून विकायला हरकत नाही, पण ते नावाशेजारीच ठळक छापायला हवं. पुढची सगळी मापं त्यावर ठरतात.

संचातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे गुलाबाची एक मिलीची कुपी. किंमत बाकी चार बाटल्यांएवढी, पण किलोभर तेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात म्हटल्यावर ती पटते. जानेवारीत कुपी उजेडात धरली तर आत बारीक, चमकदार पापुद्रे तरंगत होते. वहिनी म्हणाल्या, "अगं, खराब झालं वाटतं हे." मुठीत धरून ठेवली आणि थोड्या वेळात सगळं विरघळून तेल पुन्हा स्वच्छ. वाफेने काढलेल्या गुलाबतेलात नैसर्गिक मेण असतं, ते वीसएक अंशांच्या खाली गोठू लागतं. अर्थात एवढ्यावर शुद्धता सिद्ध होत नाही. गुलाबात रोशा गवताचं तेल मिसळण्याची चाल फार जुनी आहे, आणि रोशा तर आपल्या निमाडातलंच. म्हणून विक्रेत्याकडे जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणकोणती द्रव्यं किती आहेत ते दाखवणारी प्रयोगशाळेची तपासणी, मागितला. त्यांनी बाटलीवरच्याच लॉट नंबरचा पाठवला, याचे पूर्ण गुण. गुण कापायचे ते रबरी ड्रॉपरसाठी. या तेलांनी रबर मऊ पडतं, आणि एवढ्या महागाच्या कुपीला तो लावायचा म्हणजे कमाल आहे.

जिरेनियम पैसा वसूल. इलांग-इलांग मात्र जपून: जास्त झालं की डोकं जड होतं, आणि त्वचेसाठी ०.८ टक्क्यांच्या वर जाऊ नये. सासूबाईंना तेवढंही सोसलं नाही, त्यांच्या रोल-ऑनमधून ते काढलंच.

माप थेंबांत घेऊ नका. प्रत्येक तेलाचा आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडाचा थेंब वेगळा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ९.९ ग्रॅम जोजोबात ०.१ ग्रॅम तेल म्हणजे नेमकं एक टक्का. मग हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहायची. घरात कितीही घाई असली तरी हे मी चुकवत नाही.

उन्हाळ्याचा मोठा प्रश्न लॅव्हेंडरचा. त्यातलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य हवेशी संयोग पावून अशी द्रव्यं तयार होतात की त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि अर्धी रिकामी बाटली व इंदूरचा चाळीस अंशांचा मे हे अगदी वाईट जुळतं. उरलेलं तेल मी छोट्या तपकिरी बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवलंय.

संचासोबतच्या पत्रकावर माझा स्पष्ट आक्षेप आहे. 'पाण्यात काही थेंब टाका, हलवा, चेहऱ्यावर फवारा' असं त्यात छापलंय. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि एखादा फवारा निव्वळ तेलाचाच डोळ्यांपाशी बसतो. फवारा करायचाच तर पॉलिसॉर्बेट २० सारखं, तेल पाण्यात मिसळवणारं विद्रावक हवं, शिवाय पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. नव्याने शिकणाऱ्या मुली हेच पत्रक वाचून कामाला लागतात, म्हणून विक्रेत्याला लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.

पुन्हा पूर्ण संच घेणार नाही. गुलाब आणि जिरेनियम यांच्याकडूनच सुटे घेईन, लॅव्हेंडर पाच मिलीचंच, आणि मोगरा जिथे न मिसळलेला मिळेल तिथून.