थंडरबर्डची नवी मांडणी आणि उजवीकडची आजची पट्टी: एका करसल्लागार कार्यालयाचा अनुभव

करसल्लागाराच्या कार्यालयात महिना तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे उगमापाशीच कापलेल्या कराचा भरणा, ११ तारखेला विक्रीचे जीएसटी विवरणपत्र जीएसटीआर-१, २० तारखेला जीएसटीचे सारांश विवरणपत्र जीएसटीआर-३बी, आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या १५ तारखेला आगाऊ कराचा हप्ता. यांखेरीज नोटिसांची उत्तरे आणि सुनावण्या आपापल्या तारखा घेऊन येतात त्या वेगळ्याच. यांतील बहुतेक तारखा ई-मेलमधून येतात. पत्र वाचता वाचता शेजारीच आजची कामे आणि आजच्या भेटी दिसाव्यात, एवढ्या एका कारणासाठी आमचे कार्यालय बरीच वर्षे मोझिला परिवारातील थंडरबर्ड ही ई-मेल प्रणाली वापरत आले आहे. ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे हेही खरे, परंतु आमचा जीव जडला होता तो तिच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर.

आवृत्ती ९१ वरून आम्ही मधली १०२ ओलांडून थेट ११५ वर गेलो. २०२३ च्या जुलै महिन्यात आलेल्या या ११५ व्या आवृत्तीला निर्मात्यांनी ‘सुपरनोव्हा’ असे नाव दिले होते, आणि रूपाच्या दृष्टीने पाहता ते साजेसेच आहे, कारण ज्यांची बोटे जुन्या जागी वळलेली आहेत त्यांना पहिल्या दिवशी ओळखीचे फार थोडे सापडते. पूर्वी कॅलेंडर आणि टास्क (म्हणजे कामांची यादी) यांची दोन छोटी चिन्हे वर, टॅबच्या ओळीच्या उजव्या टोकाला होती. आता ती डाव्या कडेच्या उभ्या पट्टीत गेली आहेत. १०२ मध्ये आलेल्या या पट्टीत पत्रे, पत्तेवही, कॅलेंडर, टास्क आणि गप्पा यांची चिन्हे एकाखाली एक असतात. वरच्या बाजूला निरनिराळ्या पट्ट्यांऐवजी एकच सामायिक पट्टी आली असून तिच्या मध्यभागी शोधाची चौकट आहे. या पट्टीवरील बटणे पत्रांसाठी वेगळी, कॅलेंडरसाठी वेगळी आणि टास्कसाठी वेगळी ठेवता येतात, ही गोष्ट आम्हांला आठवडाभराने समजली. ती पहिल्याच दिवशी समजली असती तर बराच त्रास वाचला असता.

या प्रणालीत कॅलेंडर कसे आले हे ठाऊक असले की आजच्या मांडणीतील अनेक गोष्टी उलगडतात. थंडरबर्डची पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली, तेव्हा तिच्यात कॅलेंडर नव्हते. ‘लाइटनिंग’ नावाची जोडणी ते काम करीत असे आणि ती स्वतंत्रपणे बसवावी लागे. २०१५ च्या ३८ व्या आवृत्तीपासून ही जोडणी सोबतच मिळू लागली आणि २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत ती मूळ प्रणालीतच विलीन झाली. म्हणजे कॅलेंडर आणि कामांची यादी हे या घरातले सुरुवातीचे रहिवासी नव्हेत. ते मागाहून राहायला आले आणि पुढे घरचेच झाले. उजवीकडची पट्टी, जिला इंग्रजी मांडणीत ‘टुडे पेन’ म्हणतात आणि आम्ही कार्यालयात ‘आजची पट्टी’ म्हणतो, ती त्या लाइटनिंगच्या काळापासूनची आहे, आणि एवढ्या फेरफारांतूनही ती टिकली याचे मला मनापासून समाधान वाटते.

मात्र ती सापडली पाहिजे. नव्या रूपात आमच्या तीनपैकी एका संगणकावर ती दिसेना, तेव्हा आमच्या हिशेबनीस बाईंना सगळी कामेच पुसली गेली असे वाटून त्या धास्तावल्या. प्रत्यक्षात पट्टी केवळ बंद होती. एफ ११ ही कळ दाबली की ती उघडते आणि पुन्हा दाबली की मिटते. खिडकीच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यातही तिचे बटण असते, पण तळाची स्थितिदर्शक पट्टी लपवलेली असेल तर ते बटणही दिसत नाही. आणखी एक बारकावा येथे नोंदवतो, कारण त्याने आम्हांला दोन दिवस गोंधळात ठेवले होते. पत्रांच्या टॅबमध्ये, कॅलेंडरच्या टॅबमध्ये आणि टास्कच्या टॅबमध्ये ही पट्टी उघडी आहे की मिटलेली, हे प्रणाली स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. कॅलेंडर पाहताना पट्टी बंद केली तरी पत्रांशेजारी ती उघडीच राहते. हे कळल्यावर मात्र व्यवस्था सोयीची ठरते: पत्रांशेजारी पट्टी हवीच, कॅलेंडर पूर्ण उघडलेले असताना तिची आवश्यकता नाही.

पट्टीच्या वरच्या भागात छोटा महिना दाखवायचा, एकच दिवस मोठ्या आकड्यात दाखवायचा की काहीच दाखवायचे नाही, हे आपल्याला ठरवता येते. त्याखाली आजच्या, उद्याच्या आणि पुढच्या काही दिवसांच्या भेटींची यादी येते, आणि तिच्याही खाली कामांची यादी. पुढचे किती दिवस दाखवायचे तो आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो. मी छोटा महिना ठेवतो. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला महिन्याचे चौकटीचे रूपच लवकर समजते; २० तारीख कोणत्या वारी येते आणि तिच्या आधी रविवार येतो का, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. आठवडा रविवारी सुरू करावा की सोमवारी, हेही सेटिंगमध्ये निवडता येते, आणि भिंतीवरचे व पडद्यावरचे कॅलेंडर एकाच वारी सुरू व्हावे एवढी दक्षता जरूर घ्यावी.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. पत्रांची मांडणी उभी निवडली, तर डावीकडची चिन्हांची पट्टी, फोल्डरांची यादी, पत्रांची यादी, उघडलेले पत्र आणि उजवीकडची आजची पट्टी असे पाच स्तंभ एका ओळीत उभे राहतात. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर त्यांपैकी एकही धडपणे वाचता येत नाही. आम्ही शेवटी जुन्या पद्धतीची आडवी मांडणी घेतली, म्हणजे वर पत्रांची यादी आणि खाली पत्र. डावीकडची चिन्हांची पट्टी मिटवली आणि कॅलेंडर व टास्क उघडण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि सी, तसेच कंट्रोल, शिफ्ट आणि डी या कळा हातांना शिकवल्या. मजकुराची घनता तीन प्रकारांनी ठेवता येते. देवनागरीतील वेलांट्या आणि उकारांना ओळीच्या वर-खाली थोडा श्वास लागतो, म्हणून पक्षकारांची नावे मराठीत लिहिणाऱ्यांनी सर्वांत दाट प्रकार टाळावा असे माझे मत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नव्या मांडणीशी जुळवून घेताना आम्हांला आमचीच एक जुनी चूक उमगली. आम्ही विवरणपत्रांच्या तारखा भेटी म्हणून, म्हणजे इव्हेंट म्हणून नोंदवत होतो. भेट तिची वेळ उलटली की मागे पडते. काम मात्र पूर्ण झाल्याची खूण करेपर्यंत यादीत राहते आणि मुदत टळली की लाल दिसू लागते. सुनावणी ही भेट आहे, कारण ती ठरल्या वेळी होते आणि संपते. जीएसटीआर-३बी हे काम आहे, कारण २० तारीख निघून गेली तरी ते करावेच लागते, शिवाय विलंब शुल्कासह. कॅलेंडरांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर मानकाने होते, त्यातही भेट आणि काम हे दोन वेगळे घटक आहेत. जे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर होते ते जागा बदलल्यावर नव्याने पाहिले गेले, आणि त्या आठवड्यात आम्ही साठच्या वर नोंदी भेटींतून कामांत हलवल्या.

पत्रावर उजवे बटण दाबून त्याचे थेट कामात किंवा भेटीत रूपांतर करता येते, ही सोय माझ्या दृष्टीने या प्रणालीतील सर्वांत मोलाची आहे. नोटीस आली, त्याच क्षणी तिचे काम झाले, उत्तराची तारीख पडली, आणि ते उजवीकडे दिसू लागले. कामांच्या टॅबमध्ये आजची, पुढच्या सात दिवसांची, मुदत टळलेली, अपूर्ण आणि पूर्ण अशा चाळण्या आहेत. येथे एक इशारा आवश्यक आहे: प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या कॅलेंडरात असते, आणि त्या कॅलेंडरासमोरची खूण काढली तर त्यातील कामेही यादीतून अदृश्य होतात. ती पुसली जात नाहीत, परंतु घाईच्या दिवशी पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही.

जे गूगलचे कॅलेंडर येथे जोडून घेतात त्यांनी आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. कॅलडॅव्ह या, इंटरनेटवरून कॅलेंडरे जुळती ठेवण्याच्या मार्गाने गूगलच्या भेटी व्यवस्थित येतात-जातात, पण गूगल त्या मार्गाने कामे देत-घेत नाही. त्यामुळे फोनवरच्या गूगल टास्कमध्ये लिहिलेले काम आजच्या पट्टीत उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्यांना कामेही सर्व यंत्रांवर हवी आहेत त्यांना नेक्स्टक्लाउडसारखी, कामांना आधार देणारी सेवा घ्यावी लागेल. आम्ही भेटी गूगलवर ठेवल्या आणि कामे संगणकातील स्थानिक कॅलेंडरात ठेवून दर शनिवारी त्याची आयसीएस प्रत, म्हणजे कॅलेंडरची एक फाइल, काढतो. आवृत्ती बदलण्यापूर्वी तर ही प्रत काढल्याशिवाय कोणीही पुढचे बटण दाबू नये.

स्मरणसूचना नव्या नोंदींना आपोआप लागत नाहीत. सेटिंगमध्ये भेटींसाठी आणि कामांसाठी त्या वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. शिवाय प्रणाली उघडी असेल तरच सूचना पडद्यावर येते.

माझी नापसंती एका बाबतीत स्पष्टपणे नोंदवतो. ११५ व्या आवृत्तीत पत्रांच्या यादीवर आणि कॅलेंडरच्या रूपावर बरेच कष्ट घेतलेले दिसतात. त्यांच्या तुलनेत कामांचा टॅब जुन्याच वळणाचा राहिला आहे. त्याला उपकामे हवीत, म्हणजे एका मोठ्या कामाखाली छोटी कामे लिहिण्याची सोय. दिवसभर कामांच्या यादीवर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट रंग आणि गोलसर कोपऱ्यांपेक्षा अधिक उपयोगाची आहे. आउटलुकमध्ये २००७ साली आलेली कामांची पट्टी २०१३ च्या आवृत्तीत बदलली, तेव्हाही अनेकांना नव्या रचनेशी जुळवून घ्यावे लागले होते. अशा पट्ट्यांवर लोकांचा रोजचा दिवस उभा असतो, हे रचनाकारांनी प्रत्येक बदलाच्या वेळी ध्यानात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तरीही आम्ही थंडरबर्ड सोडलेले नाही. हात पुन्हा सरावायला सुमारे तीन आठवडे लागले. हिशेबनीस बाईंनी त्यांच्या संगणकावर छोट्या महिन्याऐवजी मोठ्या आकड्यातला एकच दिवस ठेवला आहे, खाली फक्त मुदत टळलेली आणि आजची कामे राहतील अशी जागा ओढून घेतली आहे, आणि सायंकाळी निघताना ती यादी रिकामी झाली की नाही हे पाहूनच त्या संगणक बंद करतात.