हेडफोन जड लागला म्हणून घेतला, आत निघाल्या लोखंडी चकत्या

मागच्या पावसाळ्यात दादरला उतरताना कानातलं वायरलेस बड निसटलं आणि फटीतून थेट रुळांवर. एकट्या दुसऱ्याचं काय लोणचं घालायचं? तशी मी ब्लूटूथला वैतागलेच होते. कीबोर्डवर सराव करताना बोट आधी पडायचं, सूर कानात मागाहून यायचा. गाणी ऐकताना हे जाणवत नाही, वाजवताना लय पार बिघडते. शिवाय दोन वर्षांत बॅटरी अर्ध्या तासावर आलेली. ठरवलं, आता वायरचाच घ्यायचा, कान झाकणारा, दणकट.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही. डेमो पीस लावून बघितला. सुरेख! तबल्याचा डग्गा नुसता धपधपत नव्हता, त्याची मींड कळत होती. दुकानदार म्हणाला, "ताई, वजन बघा. खेळणं नाही हे." ३,८०० सांगितले, ३,२०० वर तुटलं. मग त्याने आतून सीलबंद डबा आणून दिला. पक्कं बिल मागितलं तर म्हणे वर १८ टक्के जीएसटी लागेल. वर 'एस्टिमेट' लिहिलेला कागद घेऊन मी निघाले. ५७६ रुपये वाचवले ना!

घरी लावला तर आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा, आणि दोन्ही कानांत तोच. वाजणारं डावीकडे काय, उजवीकडे काय, पत्ताच नाही. परत गेले. "नवीन आहे, पन्नास तास वाजवा, खुलेल." मी खुळ्यासारखी रात्रभर वाजत ठेवला. पंधरा दिवसांत उजवा कान मुका झाला. जॅकपाशी वायर वाकवली की तेवढ्यापुरता बोलायचा.

त्याच रस्त्यावर एक दुरुस्तीवाले काका बसतात. त्यांनी माझ्यासमोर उघडला. प्रत्येक कानात दोन लोखंडी चकत्या, डिंकाने चिकटवलेल्या. काम एकच, वजन वाढवणं. डब्यावर स्पीकर ५० मिलिमीटरचा, आतला पट्टीने मोजला तर ३०. वायर ब्लेडने खरवडली तशी तांब्याची झिलई गेली, खालून पांढरी तार निघाली आणि चुंबकाला चिकटली. जॅकजवळची रबरी नळी तर नुसती शोभेची. वायर आत कुठे अडकवलेलीच नव्हती, सगळा ताण सोल्डरिंगच्या डाखावर. काका म्हणाले, "ताई, डेमो खरा असतो. डबा कोण उघडून बघतं?"

दुकानदाराने एका वाक्यात वाटेला लावलं, "सील तुम्ही तोडलंत." ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तिथे आधी बिल विचारलं. माझ्या कागदावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं, आणि यूपीआयवर पैसे गेले होते भलत्याच कुणाच्या नावावर. डब्यावर एमआरपीचं स्टिकर होतं, पण आयात मालावर लागतो तो आयातदाराचा नाव-पत्ता नव्हता. हे सगळं तेव्हाच दिसत होतं हो. मी वजन तोलत बसले होते.

नंतर काकांच्या शेजारच्या दुकानातून १,९०० चा घेतला, पक्क्या बिलावर. हलका आहे, वायर सुटी होते, तुटली तर तेवढीच बदलायची. डबा फोडून त्यातलाच पीस ऐकायला मागितला, तर त्यांनी कुरकुर न करता कात्री घेतली.

परवा त्या गल्लीतून जात होते. कॉलेजातला एक मुलगा तोच डेमो पीस लावून डोलत होता. मी आत जाऊन त्याच्या खांद्यावर थाप मारली, "डब्यातला ऐक आधी." दुकानदाराने मला ओळखलं.