ईएसआर की सीआरपी? आमवाताच्या तपासणीत पैसे कशावर घालायचे

निपाणीच्या आमच्या मावशीला सकाळी कपबशीसुद्धा धरवत नाही. विड्या वळून बोटं अशी झाली म्हणून दोन वर्षं तेल चोळलं, निघाला आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस). आता त्यावरचं औषध मेथोट्रेक्झेट सुरू आहे आणि सूज किती आहे ते बघायला गेलो की लॅबवाला दर खेपेला विचारतो, "ईएसआर करायचा, सीआरपी करायची, की दोन्ही?"

माझं झुकतं माप सीआरपीला. यकृतात तयार होणारं हे प्रथिन सूज भडकली की काही तासांत वाढतं, शमली की काही दिवसांत उतरतं. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या ते. तो उतरायला कित्येक आठवडे घेतो. वय वाढलं, रक्त कमी असलं तरी चढतो. मावशीचं हिमोग्लोबिन ९, मग सांधे शांत असले तरी आकडा मोठाच. शिवाय खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी ७ ला काढलेलं रक्त दुपारी बेळगावला पोचून नळीत लागलं, तर ईएसआर खोटाच कमी येऊ शकतो. चार तासांच्या आत लावायला हवं. सीआरपीला एवढी घाई नसते. ईएसआर स्वस्त आहे, हे मात्र खरं.

सीआरपीतही आम्ही फसलो. बेळगावात २.४, पुढच्या महिन्यात कोल्हापुरात २४! घरात सुतकी चेहरे. नीट पाहिलं तर एका कागदावर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसऱ्यावर प्रति लिटर. प्रमाण तेच. तेव्हापासून लॅब एकच. 'हाय सेन्सिटिव्ह' सीआरपी हृदयाच्या जोखमीसाठी. इथं साधी पुरते.

अँटी-सीसीपी ही रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी निदानाला उत्तम, पण औषध लागू पडलं तरी ती बहुधा पॉझिटिव्हच राहते. पॅकेजात दर तिमाहीला घुसडली असेल तर काढायला सांगा. वाचलेले पैसे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्यांना ठेवा; मेथोट्रेक्झेटवर त्या चुकवायच्या नाहीत.

आमवाताचंच दुसरं औषध टोसिलिझुमॅब चालू असेल तर माझं वरचं मत बाद. ते औषध सीआरपीच दाबून टाकतं, आत जंतुसंसर्ग असला तरी.

सीआरपी नॉर्मल आणि सांधे सुजलेले, असंही होतं. म्हणून डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात आणि ते मोजून, ईएसआर किंवा सीआरपी धरून, डीएएस-२८ हा आजाराच्या जोराचा आकडा काढतात, २.६ च्या खाली आला की आजार शांत धरतात. तो ईएसआर घालून काढला तर पुढंही ईएसआरच घालावा, नाहीतर तुलना बिघडते.

मावशीचं माप वेगळंच: उठल्यापासून वेणी घालता येईपर्यंत किती वेळ. दिवाळीत दीड तास, परवा वीस मिनिटं. डॉक्टरांनी तेही फाइलवर लिहून घेतलं.